साडू बोटीने येणार होता

बेगेय कालवा पुन्हा सुरू होणार, ही बातमी देसाने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती नवी नवरी होती. पुढे तिचे गुडघे गेले, दात गेले, घर न बदलता ज्यांत राहिली ते तीन देशही गेले. बातमी मात्र ताजीच राहिली. निवडणूक जवळ आली की कोट घातलेला एखादा माणूस वेलिकी रितच्या फाटकावर यायचा, पाण्याकडे बघून मान डोलवायचा, म्हणायचा, "पुढच्या वर्षी." मग देसाच्या हातच्या माशाच्या रश्श्याची पातेली रिकामी करून निघून जायचा.

फाटक म्हणजे कालव्यातली दोन दारं आणि त्यांच्यामधला चर्चच्या लांबीचा हौद. खालून आलेली बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की बोट वरच्या पातळीला आली. तिथून बांधाने तासभर चाललं की रोमानियाची हद्द. दारं आणि झडपा लोखंडी दांड्याने फिरवायच्या, आणि तो दांडा फिरवायची सरकारी नोकरी देसाच्या नवऱ्याची, तिमा मालेशेवची. निवृत्त होऊनही त्याची सुटका झाली नव्हती. बोटीच नसलेल्या कालव्यावर नवा माणूस नेमायला सरकारला लाज वाटत होती आणि जुना काढायला त्याहून जास्त.

कालवा मात्र खरा होता, तो कुणाची थाप नव्हता. व्हिएन्नाच्या दरबाराला ही सगळी दलदल सुकवून हवी होती, डोंगरातली लाकडं तेमिश्वार शहरापर्यंत आणून हवी होती. हॉलंडहून आलेल्या एका इंजिनिअराने दोन नद्यांना एकमेकींच्या घरी पाणी भरायला लावलं. एकीला पूर आला की जास्तीचं दुसरीत जायचं, दुसरी आटली की पहिलीने भागवायचं. मग खाली पट्टीने आखल्यासारखा सरळ कालवा. पहिल्या महायुद्धानंतर शहाण्या लोकांनी नकाशावर रेघ मारली आणि कालव्याचं डोकं एका देशात, पाय दुसऱ्या देशात गेले. तरीही बोटी चालल्या. पुढे दोन्हीकडचे लाल झेंडेवाले भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले आणि बोटी बंद पडल्या. तिमा हा इतिहास दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. हॉलंडच्या त्या माणसाबद्दल तो असा बोलायचा, जणू तो त्याचा सख्खा मामा.

"नद्या एकत्र नांदवल्या त्याने," तिमा म्हणायचा.

"दोन साडू नांदवून दाखवले असते म्हणजे मानलं असतं," देसा आतून ओरडायची.

कारण या कालव्यापायी तिच्या घरात एक मूर्खपणा तीस वर्षं मुक्काम ठोकून होता. देसाची थोरली बहीण येल्का हद्दीपलीकडच्या पार्त्सोवो गावात दिलेली. देश तिकडचा, पण गाव आमच्यासारख्या सर्बांचंच. येल्काचा नवरा कोस्ता तेमिश्वारच्या धक्क्यावरचा नावाडी. त्याचा बाप दर वर्षी सेंट जॉर्जच्या दिवशी मालाची बोट घेऊन मालेशेवांच्या घरी सणाला यायचा. आमच्याकडे घरच्या संताच्या सणाला, स्लावाला, कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. कुणाचा सण कधी ते सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येत नाही तो जन्मभर लक्षात राहतो.

रोमानियातला हुकूमशहा पडला त्यानंतरच्या वसंतातली गोष्ट. हद्द सैल झाली होती, सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. कोस्ता आणि येल्का सडकेने, नाक्याचा वळसा घालून, सणाला आले होते. टेबलावर कोकरू होतं, घरी गाळलेली फळांची दारू, राकिया होती, आणि खिडकीबाहेर गाळ उपसायचं एक यंत्र कालव्यात उभं होतं. ते त्याच दिवशी आलं होतं.

"पुढच्या जॉर्जला तू बोटीने येशील, साडू," तिमा पेला उंचावून म्हणाला.

"तुझ्या तोंडात साखर पडो. पण सरकार बदललं म्हणून गाळ बदलत नाही."

"म्हणजे मी थापा मारतो? माझं कोकरू खात माझ्याच घरात मला थापाड्या म्हणतोस?"

"थाप नसेल तर ऐक. बोट सुरू होईल त्या दिवशी येईन. तोवर तुझा उंबरा ओलांडणार नाही."

"मग मीही ऐकवतो. सडकेने तुझ्या दारात पाय ठेवला तर नाव लावणार नाही!"

स्वयंपाकघरात दोघी बहिणी पोट धरून हसल्या. उद्या सकाळी उतरेल म्हणाल्या. सकाळी राकिया उतरली, पीळ उतरला नाही.

यंत्र सहा महिने उभं राहून गंजलं आणि भंगारवाल्याने नेलं. मग युद्ध आलं, निर्बंध आले. त्या काळात कालव्यावर खरंच वाहतूक सुरू होती, पेट्रोलच्या तस्करांची. रोज अंधार पडला की पलीकडून पिंपं भरलेल्या होड्या यायच्या. तिमा त्यांना बोट मानायला तयार नव्हता. "बोट म्हणजे जिला झेंडा असतो," तो म्हणायचा. देसा म्हणायची, "झेंडे असलेल्यांनी कुठे दिवे लावले?"

बहिणींनी मात्र कसलीही शपथ घेतली नव्हती. त्या वर्षातून दोनदा सडकेने एकमेकींकडे जायच्या आणि रोज फोनवर आपापल्या नवऱ्यांची चेष्टा करायच्या.

"तुझा काय म्हणतो?" येल्का विचारायची.

"गाळ उपसताहेत म्हणतो."

"कशाने? चमच्याने?"

"ताई, चमचा मंजूर झालाय. यायचाय अजून."

आणि दर सणाला दोन्ही घरांत एक खुर्ची रिकामी राहायची. त्या खुर्चीबद्दल कुणी चेष्टा करत नसे.

तिमा दिवसभर कालव्यावर असायचा. बोट नाही म्हणून काय झालं, लव्हाळं काढायचं, बांध बघायचा, आणि मुख्य म्हणजे मासे धरायचे. जेवायला त्याला हाक कशी मारायची, हे देसाला तिच्या सासूने शिकवलं होतं. तिमाचा बापही याच फाटकावर होता. सासू म्हणायची, घसा कशाला फाडतेस, पाण्याला सांग. हौदाशेजारची छोटी झडप थोडी उचलायची, वरच्या कालव्याचं पाणी दोन बोटं खाली उतरवायचं. वर कुठेही बसलेला फाटकवाला काठावरची ओली रेघ बघतो आणि समजतो. दोन बोटं म्हणजे जेवायला ये. चार बोटं म्हणजे घरी माणसं आलीत. एक वीत म्हणजे हातातलं टाक आणि पळत ये. वीतभर पाणी देसाने आजवर एकदाच उतरवलं होतं, तिमाचा बाप गेला तेव्हा.

शेवटी ब्रसेल्सचे पैसे आले. फाटकावर फलक लागला, तो फाटकापेक्षा मोठा होता. दारांना विजेच्या मोटारी बसल्या. वीज यायची राहिली, त्यामुळे दांडा तसाच राहिला. बांधावर सायकलींसाठी गुळगुळीत रस्ता झाला. आणि गाळ उपसला गेला, जिथे जिथे मंत्र्यांची नजर पडण्याची शक्यता होती तिथे. उरलेला गाळ कागदावर उपसला गेला, आणि त्या कामात ठेकेदाराचा हात कुणी धरू शकलं नसतं.

त्याच हिवाळ्यात कोस्ताच्या छातीत पाणी झालं.

"डॉक्टर काही बोलत नाही गं," येल्का फोनवर म्हणाली. त्या दिवशी ती चेष्टा करत नव्हती. "बोलत नाही म्हणजे काय ते समज."

देसाने फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "चल. उद्याच जाऊ. सडकेने."

तिमा जाळं विणत होता, विणतच राहिला. "उद्घाटन ठरलंय. जॉर्जच्याच दिवशी, आहेस कुठे? आपली बोट हद्दीपर्यंत जाणार, त्यांची बोट हद्दीपर्यंत येणार. जुना नावाडी म्हणून कोस्ताला त्यांच्या बोटीत जागा दिलीय. तिथेच भेटू."

"आणि तोवर तो राहिला नाही तर?"

"राहील. मला खोटं पाडायला तरी राहील."

देसाला त्याच्या टाळक्यात जाळं घालावंसं वाटलं. पण तो तीच गाठ तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा तिने ते हातातून काढून घेतलं आणि दिवा लावला.

सेंट जॉर्जचा दिवस उजाडला. देसाने मेणबत्ती पेटवली, सणाचे गोड उकडलेले गहू वाडग्यात काढले, सणाची पोळी भट्टीतून बाहेर आली. फुलं-पक्षी काढलेली ही जाड पाव-पोळी यजमानाने पाहुण्यासोबत धरायची, गोल फिरवायची आणि दोघांनी मिळून मोडायची. तिमाने ती स्वच्छ फडक्यात बांधली आणि काखेत मारली.

"अरे, घरची पोळी घराबाहेर नेतात का?"

"साडूशिवाय कुणाशी मोडू? तीस वर्षं पाद्र्याशी मोडतोय."

खालून पांढरी बोट आली. मंत्री, त्यांचा सचिव, दोन कॅमेरेवाले, नाचणाऱ्या पोरी, एक बिशप, आणि ब्रसेल्सचा एक माणूस जो प्रत्येक गोष्टीला हसत होता. बोट हौदात शिरली. तिमा नव्या कोटात, काखेत पोळी घेऊन, ऐटीत पायरी उतरून बोटीत चढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोट काही हलेना.

"काय झालं?" मंत्र्यांनी विचारलं.

"हौद भरायचाय, साहेब," कॅप्टन म्हणाला.

"मग भरा."

"फाटकवाला भरतो, साहेब."

सगळ्यांनी तिमाकडे पाहिलं. तिमाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं हा माणूस या बोटीची वाट बघत होता, पण बोटीत आपण बसलो तर दार कोण उघडणार हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तो उठला. पोळी सावरत मुकाट्याने पायरी चढू लागला. त्याचा चेहरा बघून देसाला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"बस खाली, येड्या," ती वरून ओरडली. तिने एप्रनला हात पुसले आणि दांडा धरला. "तू मासे धरायचास तेव्हा हे कोण फिरवत होतं? तुझा हॉलंडचा मामा?"

पाणी घुमत आत आलं, बोट वर चढली, वरचं दार उघडलं. पोरी गायला लागल्या. तिमा टोकाला उभा राहिला, कुठल्याशा आरमाराचा सेनापती असल्यासारखा. त्याचा फोन घरी जुन्या विजारीच्या खिशात राहिला होता.

बोट नजरेआड गेली आणि थोड्याच वेळात अंगणात रोमानियाच्या नंबराची धुळकट गाडी येऊन थांबली. येल्काचा मुलगा लाझा उतरला. मागच्या दारातून येल्का उतरली. दोघांनी मिळून जो माणूस बाहेर काढला, त्याला देसाने क्षणभर ओळखलंच नाही. कोट कोस्ताचा होता, आत कोस्ता अर्धाच उरला होता.

"भावजी! तुम्ही तर बोटीत ना?"

"माझी जागा तुतारीला दिली," कोस्ता धापा टाकत म्हणाला. "बँडमधली ती मोठी पितळी तुतारी असते ना, ती मांडीवर मावत नाही म्हणे. तिला खुर्ची लागते. काल संध्याकाळी सांगितलं, आजोबा, तुम्ही पुढच्या फेरीला."

"आणि हा इतका भडकला," येल्का म्हणाली, "की पहाटे उठून बसला. म्हणाला, लाझा, गाडी काढ. त्यांची बोट खड्ड्यात जाऊ दे."

साडूवरची माया जे तीस वर्षांत करू शकली नाही, ते सरकारवरच्या रागाने एका रात्रीत करून दाखवलं होतं. देसाने दार उघडलं. "या आत."

कोस्ता उंबऱ्याशी आला आणि थांबला. "बोट सुरू झाली का?"

"भावजी, आता पुरे हं!"

"तिमाला येऊ दे. मग बघू." तो बाहेरच, भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसला. ओठ निळसर झाले होते. लाझाने देसाला बाजूला घेतलं. "मावशी, चारपर्यंत परत निघायचंय. घरी प्राणवायूचं नळकांडं आहे, इथे नाही. खरं तर आणायलाच नको होतं."

देसाने कॅप्टनला फोन लावला. हद्दीजवळ फोन इकडचाही लागेना, तिकडचाही लागेना. लाझा गाडी घेऊन बांधावर गेला आणि परत आला. सायकलीच्या रस्त्यावर गाडी जाऊ नये म्हणून ब्रसेल्सच्या पैशांनी काँक्रीटचे ठोकळे लावले होते. पलीकडून वाऱ्यावर बँड ऐकू येत होता, मग भाषण, मग बँड, मग दुसऱ्या भाषेत तेच भाषण. कोस्ता डोळे मिटून बसला होता. येल्काने त्याचा हात धरला होता आणि ती देसाकडे बघत होती. लहानपणी चिखलात रुतली की अशीच बघायची.

देसा हौदाशी गेली. छोटी झडप उचलली. मग मोठी. मग दुसरी मोठी. दांड्याला लोंबकळून तिने ती शेवटपर्यंत उघडली. वरच्या कालव्याचं पाणी फेसाळत खाली धावलं आणि काठावर ओली रेघ दिसायला लागली. दोन बोटं. चार बोटं.

"मावशी, अगं, वर बोटी आहेत!" लाझा ओरडला.

"गाळ उपसलाय त्यांनी," देसा म्हणाली. "सगळीकडे फलक लावलेत. कशाला घाबरायचं?"

पुढे काय झालं ते तिला नंतर कळलं. दोन्ही बोटी हद्दीच्या रेघेवर नाकाला नाक लावून उभ्या होत्या. तपासनाकं अजून बांधलं नव्हतं, त्यामुळे कुणाला पलीकडे पाय टाकायची परवानगी नव्हती. दोन मंत्री वाकून हातात हात देत होते. ब्रसेल्सचा माणूस हसत होता. तिमा पलीकडच्या बोटीत एकेक चेहरा तपासत होता आणि ज्या खुर्चीवर साडू असायला हवा होता तिथे पितळी तुतारी बघत होता. तेवढ्यात आपली बोट हलकेच गाळाला टेकली. मग त्यांची टेकली. दोन्ही देशांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम, आणि ते दोन्ही बाजूंनी सारखंच झालं.

सगळे कॅप्टनवर ओरडू लागले. तिमाने काठाकडे पाहिलं. वीतभर ओली रेघ. त्याने कुणाला काही विचारलं नाही. पोळी डोक्यावर धरली आणि नव्या कोटासकट गाळात उतरला.

तासाभराची वाट त्या म्हाताऱ्याने कशी कापली कोण जाणे. गुळगुळीत सायकलरस्त्यावरून तो चिखलाने कमरेपर्यंत माखलेला, पळायचा प्रयत्न करणारा माणूस येताना दिसला, तेव्हा देसा झडपा बंद करत होती. "देसे! कोण गेलं? कोण गेलं?" तो लांबूनच विचारत होता. मग त्याला बाकावरचा माणूस दिसला आणि त्याचे पाय थांबले.

कोस्ताने डोळे उघडले. साडूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बोट कुठाय?"

"गाळात," तिमा म्हणाला.

"मग मी काय सांगत होतो?"

देसा दांडा हातात घेऊन पुढे आली. आता हे दोघे पुन्हा सुरू होतील आणि या खेपेला ती दोघांनाही हौदात ढकलेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"बरोबर सांगत होतास," तिमा म्हणाला. "तीस वर्षं बरोबर सांगत होतास. मी गाढव." आणि तो रडायला लागला, लहान मुलासारखा, सगळ्यांसमोर.

"रडू नकोस, पोळी भिजेल," कोस्ता म्हणाला. त्याने तिमाच्या चिखलाने भरलेल्या खांद्यावर हात टाकला, उठला, आणि दोघे एकमेकांना धरून उंबरा ओलांडून आत गेले. मेणबत्ती अजून अर्धी होती. दोघांनी पोळी धरली, फिरवली, मोडली. मोठा तुकडा कोस्ताच्या हातात आला. मोठा तुकडा म्हणजे वर्ष चांगलं जाणार. "बघ, यातही मीच," तो म्हणाला.

तेवढ्यात दारात मंत्र्यांचा सचिव उभा राहिला. एका पायात बूट होता. "बाई, पाणी ताबडतोब वाढवा! मंत्रीसाहेब तिथे..."

"भरायला उद्या सकाळ होईल," देसा म्हणाली. "बसा. आज आम्ही कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलतही नाही. साहेबांना सांगा, चालत या. रस्ता सुंदर केलाय त्यांनी."

सचिवाने कोकराकडे पाहिलं. मग बसला.

चार वाजता लाझाने गाडी सुरू केली. कोस्ताने खिडकीची काच खाली केली. "आता पाळी तुझी. आणि बोटीची वाट बघू नकोस."

"पासपोर्ट संपलाय. नवा करतो आणि येतो," तिमा म्हणाला.

त्याने खरंच केला. शरद ऋतूत पासपोर्ट आला. मग राकिया गाळायचे दिवस होते, मग डुक्कर मारायचं होतं, मग ख्रिसमस झाला की जाऊ असं ठरलं, मग बर्फ पडला. देसा रोज त्याला बोलली, एक दिवस सुद्धा चुकवला नाही. फेब्रुवारीत येल्काचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "देसे."

देसाने पुन्हा गहू उकडले. सणाला जे गहू, मयताला तेच. वाडगं मांडीवर घेऊन ती शेजाऱ्याच्या गाडीत मागे बसली, तिमा पुढे. सडक कालव्यापासून दूर गेली, नाक्यावर शिपायाने कोरा पासपोर्ट उघडला, पहिला शिक्का मारला आणि हात हलवला. मग सपाट शेतं, कावळे, एक पेट्रोलपंप. गाडी एका हिरव्या फाटकासमोर थांबली. फाटकावर काळं फडकं बांधलेलं होतं.

"का थांबलो?" तिमाने विचारलं.

"आलं," शेजारी म्हणाला.

तिमा मागे वळला. देसाच्या मांडीवरच्या वाडग्यातून अजून वाफ येत होती. त्याने त्या वाफेकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"एवढंच?"

या माणसाला ऐकवायला देसाकडे तीस वर्षांचा साठा होता, एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेला. तिने डोक्याला बांधलेला रुमाल घट्ट केला आणि वाडगं त्याच्या हातात दिलं.

"एवढंच होतं, तिमा. उतर."